काहून लिहून ठेवणारे काकाजी

पासवाले काकाजी ओळख पटल्याशिवाय कोणालाही घरात घेत नसत. कोंढ्यासारख्या गावात सकाळी उघडलेलं दार सांजेलाच लागतं. माणसं सरळ आत येतात आणि पाण्याचा गडवा स्वतःच्या हाताने उचलतात. तिथे हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या विचारायचा, "कोण?" समोरचा दहा पावलांवर उभा असायचा, बहुतेक वेळा शेजारीच असायचा, पण नाव सांगितल्याशिवाय सुटका नसे. मला तर ते माझ्या बारशापासून ओळखत. तरी मी पुण्याहून सुटीला आले आणि अंगणात बॅग टेकवली की तोच प्रश्न यायचा. एकदा वैतागून विचारलं, काकाजी, मी दिसत नाही का तुम्हाला? म्हणाले, "दिसून राहिली ना. पण तू तूच आहे हे तू सांगशील, तवा पक्कं."

त्यांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात गेटवरच्या पास-खिडकीत गेली. माझे बाबा आत वर्कशॉपमध्ये होते. दोघांची क्वार्टर एकाच ओळीत, मधे एक आंब्याचं झाड आणि त्याच्या कैऱ्यांवरून होणारी दोन्ही घरांतल्या बायकांची भांडणं. सकाळी दोघं एकाच वेळी सायकली काढत, गप्पा मारत गेटपर्यंत जात. मग काकाजी खिडकीत जाऊन बसत आणि त्याच बाबांना पास मागत. एक दिवस बाबांचा पास घरी राहिला. काकाजींनी त्यांना भर उन्हात परत पाठवलं. बाबांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी काकाजी डबाभर करंज्या घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "तुले मी ओळखतो गा. खिडकी नाई ओळखत." बाबा चिडलेलेच होते, पण करंज्या खाल्ल्या.

रिटायर झाल्यावर लोक नागपुरात फ्लॅट बघतात. काकाजी आपल्या गावी कोंढ्याला परतले आणि तलावांच्या मागे लागले. आमच्या पवनी तालुक्यात धान पिकतं ते बरंचसं या तलावांच्या भरवशावर. तलावात पाणी किती, तुडुम म्हणजे पाणी सोडायचं दार कधी उघडायचं, कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी पाणी द्यायचं आणि कोणाच्या मागून, हे सगळं गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात होतं आणि म्हातारे एकेक करून चालले होते. काकाजी जुन्या मोटारसायकलवर गावं पालथी घालत हिंडले. म्हाताऱ्यांजवळ तासन्‌तास बसले, जुने नकाशे स्कॅन केले, फोटो काढले, आणि साठी उलटल्यावर पुस्तकं वाचून प्रोग्राम लिहायला शिकले. तलावात किती फूट पाणी आहे ते टाकलं की कोणत्या बांधीला किती दिवस पाणी, याचा कागद निघायचा. रोवणीच्या आधी गावागावांतून माणसं तो कागद न्यायला यायची. अर्थात दारात नाव सांगून.

त्यांच्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा हसू आवरेना. 'तलाव नवा', 'तलाव नवा दोन', 'तलाव शेवटचा', 'तलाव खरोखरचा शेवटचा'. मी प्रोग्रामच लिहून पोट भरते, म्हणून त्या सुटीत बसून त्यांना गिट शिकवलं. गिट म्हणजे आमच्या धंद्यातली वही. कोणता बदल केला, कोणी केला, केव्हा केला आणि काय कारणाने केला हे ती एकाखाली एक जपून ठेवते, आणि पहिल्या दिवसापर्यंत मागे जाता येतं. ही सगळी वही म्हणजे रिपॉझिटरी. माझ्यासारखी नोकरदार माणसं कारणाच्या जागी 'बदल केला' एवढं खरडतात आणि मोकळी होतात. काकाजींना नेमकी तीच जागा आवडली. "हे तं माहा जबाब लिहून घेते," असं म्हणून ते लहान पोरासारखे खूश झाले.

तेव्हापासून त्यांची प्रत्येक नोंद 'काहून', म्हणजे आपलं 'का', या शब्दाने सुरू व्हायची. 'काहून: मागच्या साली तलावाच्या पाळीची, बांधाची, लांबी मी चुकीची धरली. चूक माही, टेपाची नाई.' 'काहून: दोघा भावांची वाटणी झाली. मोठा म्हणाला, लहान्याले आधी पाणी द्या, त्याची पोरगी आजारी आहे. पुढच्या साली विचारून बदलणे.' एकेक नोंद पानभर असायची. मी त्यांना म्हटलं, काकाजी, मशीनला याचं काही सोयरसुतक नसतं, तुम्ही कशाला बोटं मोडून घेता? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मशीनसाठी कोण लिहून राहिलं? काय केलं ते फाईलीत दिसते बेटा. काहून केलं ते कुठं दिसते? मी काई जलमभर पुरणार नाई." मी मान डोलावली आणि सुटी संपवून पुण्याच्या ऑफिसात पुन्हा 'बदल केला' लिहू लागले.

ही वही नागपूरच्या एका लहानशा संस्थेच्या सर्व्हरवर राहायची. जागा त्यांनी फुकट दिली होती. पुढे संस्थेने कळवलं की पासवर्डने लिहिण्याचा रस्ता बंद होणार, आता ज्याने त्याने आपली किल्ली तयार करायची आणि दुसऱ्या, जास्त सुरक्षित रस्त्याने यायचं. किल्ली म्हणजे एक फाईलच, ती आपल्या मशीनवर असली की सर्व्हर आपल्याला ओळखतो. सर्व्हरचा जो पत्ता गिटमध्ये लिहिलेला असतो तो बदलायला एक ओळ पुरते. मी ती फोनवर सांगितली. पण नव्या रस्त्याने पहिल्यांदा जाताना मशीन एक लांबलचक अक्षरांची माळ दाखवतं आणि विचारतं, हा सर्व्हर खराच तो आहे ना? ती माळ म्हणजे सर्व्हरच्या अंगठ्याचा ठसा. जगात शंभरातले नव्व्याण्णव लोक ती न वाचता 'हो' लिहितात. मीही लिहिते. काकाजींना हे सांगितलं तर ते हादरलेच.

"म्हणजे तो आपला पास दाखवून राहिला आणि तुमी पाहतच नाई?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पवनीहून एसटी पकडून हा माणूस नागपूरला गेला. संस्थेत सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसासमोर बसला आणि ती त्रेचाळीस अक्षरं स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून घेतली. फोनवर का नाही विचारलं, तर म्हणे फोनवर बोलणारा कोण आहे हे कोणाला ठाऊक. घरी येऊन एकेक अक्षर जुळवलं, मगच 'हो' लिहिलं. काकू मला फोनवर सांगत होत्या, "आमच्या लग्नात बी एवढी चौकशी नाई केली यायनं." त्या जाण्यात त्यांनी आणखी एक काम केलं होतं. माझीही किल्ली माझ्याकडून मागवून संस्थेत नोंदवून ठेवली होती. म्हणाले, एकट्याच्या हाती सगळं नसावं.

मग एका उन्हाळ्यात कोंढ्याला लाईट गेली आणि परत आली ती काकाजींचा कॉम्प्युटर घेऊन गेली. डिस्क जळाली. दुरुस्ती करणाऱ्यांनी पवनीतही हात वर केले आणि भंडाऱ्यातही. काकाजी तसे शांत होते, सर्व्हरवर सगळं आहे म्हणाले. आणि पंधरा दिवसांत संस्थेचं पत्र आलं की त्यांचं काम गुंडाळायचं ठरलं आहे, महिनाअखेर सर्व्हर बंद होईल, ज्याने त्याने आपापलं घेऊन जावं. आता तलावांची अख्खी वही जगात एकाच ठिकाणी होती आणि त्या ठिकाणाचे आठ दिवस उरले होते. नकाशांमुळे आणि फोटोंमुळे ती इतकी जड झाली होती की कोंढ्याच्या नेटवर्कवर उतरणं शक्यच नव्हतं.

काकाजी म्हणाले, मी नवी डिस्क घेऊन नागपूरले जातो, तिथंच बसून उतरवून आणतो. तेव्हा त्यांचे गुडघे धरले होते. मीच म्हटलं, एवढ्या उन्हात कशाला तडफडता? माझ्याकडे ऑफिसचं नेट आहे, किल्ली आहे, मी इथूनच घेते, दहा मिनिटांचं काम. हे वाक्य मी किती सहज बोलले होते. आज ते आठवलं की अजूनही जीभ चावावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी वही उतरवायला घेतली. आमच्या भाषेत याला क्लोन म्हणतात, मुळासकट नक्कल. नुसतं वाचण्यापुरता जुना रस्ता अजून उघडा होता, त्याच रस्त्याने सुरू केलं. निम्म्यावर गेलं आणि तुटलं. गिटची ही खोडच आहे, मधे तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तीनदा केलं, तीनदा घोडं तिथंच अडलं. मग पत्ता बदलून किल्लीच्या रस्त्याने जायचं ठरवलं आणि काकाजींना फोन केला. ते म्हणाले, "थांब. हो लिहू नको. अंगठा जुळव आधी." त्यांनी कागद काढला आणि दोन दोन अक्षरं वाचू लागले. मोठा के, बारका एम. बारका टी, सातचा आकडा. मधेच कुठे चुकल्यासारखं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. तीन वाजता माझी मीटिंग होती आणि माझे डोळे घड्याळाकडे लागले होते. त्रेचाळीस अक्षरं जुळली तेव्हा त्यांनी समाधानाने श्वास सोडला. "आता घे. तोच आहे."

त्या रस्त्यानेही निम्म्यावर तुटलं. तीनला दहा कमी होते. आमच्या धंद्यात अशा वेळी एक पळवाट असते. नक्कल घेताना सांगायचं, फक्त सगळ्यात वरची नोंद दे, खालचा इतिहास नको. फाईली सगळ्या येतात, अगदी आजच्या. फक्त त्या तशा कशा झाल्या ते येत नाही. ऑफिसात मी रोज असंच करते, कोणाला जुना इतिहास हवा असतो? तसं केलं आणि पाच मिनिटांत काम झालं. उरलेलं नंतर एका ओळीत खाली उतरवता येतं, ते मी उद्या करणार होते. तेवढ्यात काकाजींचा फोन. आलं का, त्यांनी विचारलं. आलं, मी म्हणाले. खालपासून आलं का, त्यांनी विचारलं.

"हो काकाजी, खालपासून," मी म्हणाले आणि मीटिंगला गेले.

वेळ मारून नेली, दुसरं काही नाही. उद्या खरं करणारच होते, म्हणून ते मला खोटंही वाटलं नाही. पण त्या आठवड्यात ऑफिसात आमचं नवं काम बाहेर पडायचं होतं, आणि मी तलावांची वही साफ विसरले. आठवलं तेव्हा महिना उलटून गेला होता. ती एक ओळ टाइप केली. पलीकडे कोणी नव्हतं. संस्थेच्या माणसाचा नंबर शोधून फोन केला. तो बिचारा चांगला बोलला. म्हणाला, मॅडम, डिस्क पुसून मशीन देऊन टाकली, तुमच्या काकाजींना मी विचारलं होतं, ते म्हणाले आमच्या पोरीनं सगळं घेतलं.

तीन महिने मी तोंडाला कुलूप लावलं. काकाजी फोन करायचे, नवा कॉम्प्युटर आला म्हणायचे, दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये म्हणायचे, आणि मी हो हो म्हणायची. दिवाळीत डिस्क पिशवीत टाकून नागपूरहून एसटीत बसले. कसं सांगायचं ते पवनीपर्यंत मनात शंभरदा घोकलं. कोंढ्याला पोचले, काकूंनी चिवडा पुढे केला, आणि मी चिवडाच खात बसले. काकाजींनी डिस्क लावली. नोंदी दाखवायची आज्ञा टाइप केली. एरवी पडदा भरून वाहायचा. आता एकच नोंद आली. त्यांनी खालचं बटण दाबलं. परत दाबलं. मग माझ्याकडे वळून विचारलं की बाकीचं कुठं आहे.

मी सगळं सांगितलं. पळवाट सांगितली, मीटिंग सांगितली, विसरले ते सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनेच गेले होते. ते अगदी हळू म्हणाले, "त्या मशीनचा अंगठा दोन दोन अक्षरं करून जुळवला आपण. तुले मी नुसतं विचारलं."

रागाचा लवलेश नव्हता. ते स्वतःलाच दोष देत होते, गेटवर इतकी वर्षं बसून एक पास बघायचा राहिला म्हणून. मी रडले. त्यांनी डिस्क नीट बंद करून काढली, फडक्याने पुसली आणि काकूंना पानं वाढायला सांगितलं. मी जेवले. काय जेवले ते मला आठवत नाही.

मी दुसऱ्या एका सर्व्हरवर जागा घेतली. तिथे अर्धवट नक्कल चढेना, सर्व्हर घेईचना. शेवटी जुना तुटका धागा, म्हणजे ती उरलेली एक नोंद, काढून टाकला आणि सगळ्या फाईली नव्याने भरल्या. पहिली नोंद माझ्या नावाने झाली. कारणाच्या जागी मी लिहिलं, 'सुरुवात'. काकाजी म्हणाले, आठवते तेवढं मी पुन्हा लिहून काढतो. रोज सकाळी एक तलाव घ्यायचे. पहिल्या काही नोंदी वाचून मला वाटलं, निभेल. मग पुण्यात एका सकाळी एक नोंद वाचली. 'काहून: इथं दोन इंच कमी धरले आहेत. काहून ते आठवत नाई.' दोन दिवसांनी दुसऱ्या तलावाची, शब्द तेच. तिसऱ्याची तर नुसतं 'काहून' आणि पुढे काही नाही. काकूंना फोन केला तेव्हा कळलं की भंडाऱ्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं आहे, विसरणं सुरू झालं आहे आणि आता ते थांबायचं नाही. त्यांना स्वतःला ते आधीपासून कळत असावं. नाहीतर माणूस इतकं कशाला लिहील?

मी जमेल तेव्हा जायची, म्हाताऱ्यांकडे जाऊन विचारू म्हणायची. ज्यांना विचारायचं ते म्हातारे राहिले नव्हते. नोंदी महिन्यावर गेल्या, मग थांबल्या. पुढच्या हिवाळ्यात काकाजी गेले. मी पोचले तेव्हा वैनगंगेवरून माणसं परत आली होती.

यंदा रोवणीच्या दिवसांत एका गावच्या तलाव समितीच्या सचिवांचा फोन आला. चांगले, समजूतदार गृहस्थ होते, काकाजींचा प्रोग्राम अजून वापरतात, आणि काकाजींनंतर मीच त्यांना वहीत लिहायची किल्ली दिली होती. म्हणाले, ताई, आमच्या तलावाच्या कागदात शेवटच्या बांध्यांना आधी पाणी लिहिलं आहे, वरच्या बांध्या कोरड्या ठेवून पाणी खाली न्यावं लागतं, लोक भांडून राहिले. मी ती फाईल उघडली. त्या ओळीवर काकाजींची फार मोठी नोंद होती, एवढं मला पक्कं आठवतं. त्यांनी ती एकदा मला फोनवर वाचूनही दाखवली होती. मी तेव्हा फोन स्पीकरवर टाकून ईमेल लिहीत होते.

"तुमीच लिहिलं ना ताई? इथं तुमचंच नाव दिसते. हे काहून आहे?"

खरंच, त्या ओळीपुढे माझं नाव होतं. प्रत्येक तलावाच्या जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे माझं नाव होतं. मी म्हणाले, मी नाही, काकाजींनी लिहिलं होतं, काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल. त्यांनी अगदी आदबीने विचारलं की कोणता विचार. मी कारणाची जागा उघडली, तिथे माझं 'सुरुवात' एवढंच होतं. ते म्हणाले, मग काढून टाकतो, चूकच असन.

संध्याकाळी मी उघडून पाहिलं. ती ओळ काढलेली होती. खाली त्यांचं नाव होतं, दिवस होता, वेळ होती. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'चूक दुरुस्त केली.'